चौदा एमबीत मावलेली स्टाफरूम

शाळेत नोकरी केलेल्या माणसाला "एखादा किस्सा सांगा ना" असं कधी म्हणू नये. एखादा निघतच नाही. एक ओढला की त्याच्या शेपटीला दुसरा बांधलेला असतो. आणि गंमत अशी, की घडत असतो तेव्हा तो किस्सा नसतोच मुळी. तेव्हा तो मेमो असतो, रजेचा अर्ज असतो, नाहीतर मोठ्या बाईंची बोलणी असतात. दोन-तीन वर्षं कपाटात पडून राहिला की मग त्याचा किस्सा होतो.

आमच्या भिवंडीच्या शाळेतले माझ्याकडे असे पोतंभर आहेत. पण आज एकाच उन्हाळ्याचे सांगते. त्या उन्हाळ्यात आमच्या स्टाफने स्वतःच्याच स्टाफरूमवर टीव्हीवर असतो तसा विनोदी एपिसोड काढला होता, आणि तो लोकांच्या मोबाईलमध्ये मावावा म्हणून जे जे काही केलं, ते अजून कोणाला खरं वाटत नाही. साल दोन हजार सात-आठच्या आसपासचं. रंगीत मोबाईल बऱ्याच जणांच्या खिशात आले होते, पण मोबाईलवर इंटरनेट कोणी वापरत नव्हतं. सगळा कारभार मेमरी कार्डावर.

मी विज्ञान शिकवते. सरकारी कॉम्प्युटर कोर्स आमच्या स्टाफमध्ये सगळ्यात आधी मी पास झाले, ही माझी घोडचूक. दुसऱ्या दिवसापासून शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला. त्याला मोठ्या बाईंनी स्वतः भरतकाम केलेलं कव्हर होतं, मोर होता त्यावर. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. कॉम्प्युटर बिघडला तर त्या मला विचारायच्या, कव्हर मळलं तरी मलाच.

* * *

आता हा एपिसोडचा उद्योग कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

मराठी शाळांच्या मास्तरांना एप्रिल-मे महिन्यात एक जादा ड्युटी असते, जी कुठल्याच वेळापत्रकात नसते. मुलं गोळा करणं. दोन-दोन शिक्षकांच्या जोड्या करायच्या आणि चौथी पास झालेली मुलं कुठल्या घरात आहेत ते हुडकत चाळी पालथ्या घालायच्या. त्या वर्षी पाचवीची दुसरी तुकडी टिकवायची तर एकसष्ट मुलं हवी होती. आमच्याकडे नावं होती एकेचाळीस. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. अतिरिक्त म्हणजे नोकरी जात नाही, पण माणूस जातो. जिथे जागा असेल तिथे, पार जव्हारकडच्या डोंगरातसुद्धा.

आणि आमच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली नाव होतं गणिताच्या भोईर सरांचं. वय सत्तेचाळीस, पण आधी पंधरा वर्षं विनाअनुदानित शाळेत घासल्यामुळे आमच्याकडे ते ज्युनिअर. टेमघरला घर. वडिलांना अर्धांगवायू झालेला, घरात दुसरं कोणी नाही. रोज मोठ्या सुट्टीत सर सायकलवर टांग टाकायचे, घरी जाऊन वडिलांना भरवायचे, कूस बदलून द्यायचे, आणि घंटेच्या आत परत. सहा वर्षांत एकदाही उशीर नाही. जव्हारहून हे कसं जमणार होतं?

सर स्वतः यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. त्यामुळे आम्हीच जास्त बोलायचो.

* * *

तर मी आणि पीटीचे म्हात्रे सर नारपोलीच्या चाळींतून फिरत होतो. म्हात्रे सर म्हणजे गावचे पाटील शोभतील असा देह, आणि बोलताना दोन्ही हात असे चालणार की समोरच्याने चार फूट लांब उभं राहावं. एका चाळीत ते एका बाईंना आमच्या शाळेचं मैदान किती मोठं आहे ते हाताने दाखवत होते, तर त्यांच्या दोरीवरची ओली साडी खाली मातीत. बाईंनी दार लावून घेतलं.

"गेलं एक ॲडमिशन," मी म्हणाले.

"मॅडम, मैदान लहान दाखवलं असतं तरी गेलं असतं," म्हात्रे सर म्हणाले. "ती दुसऱ्या शाळेची बॅग बघितली का दारामागं? फुकट दिलेली."

चहाच्या टपरीवर बसलो. शिफ्ट सुटलेले सात-आठ कामगार एका मोबाईलभोवती डोकी घालून बसले होते. काडेपेटीएवढ्या पडद्यावर कुठलातरी कॉमेडी सीन चालला होता, आणि हसून हसून त्यांचा चहा सांडत होता. आमचं माहितीपत्रक त्यांतल्या एकाने घेतलं, छान चौघडी केली आणि गरम ग्लासाखाली धरलं.

म्हात्रे सरांनी मान लांब करून त्या मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "कागद कोणी बघत नाही मॅडम. आपणच याच्यात शिरू."

* * *

एपिसोड लिहायला मराठीच्या तरे मॅडम बसल्या. विषय ठरला, आमचीच स्टाफरूम. मुख्याध्यापिका कडक, पीटीचे सर रोज उशिरा येणार आणि रोज नवी थाप मारणार, सायन्सच्या बाईंचा प्रयोग बिघडणार. शेवटी पाचवीतलं एक पोरगं सगळ्यांना गप्प करणार, की अशी मजेची शाळा आमची, या.

पहिला खर्डा दीड तासाचा झाला, कारण तरे मॅडमनी प्रत्येकाच्या तोंडी एकेक कविता घातली होती. कापून कापून बारा मिनिटांवर आणला. मॅडम दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

मोठ्या बाईंनी स्वतःची भूमिका करायचं कबूल केलं, पण अटी तीन. त्या हसणार नाहीत. त्यांच्याकडे बघून कोणी हसणार नाही. आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत त्यांच्याशिवाय कोणी बसणार नाही, तालमीतसुद्धा नाही. ही सगळी वाक्यं तरे मॅडमनी जशीच्या तशी एपिसोडमध्ये टाकली. शाळेत सगळ्यात जास्त हशा त्यांनाच मिळाला.

भोईर सरांना मात्र कोणी तयार करू शकलं नाही. म्हात्रे सरांनी फार गळ घातली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी तुम्ही हे करताय, ते मला दिसतंय. पण मला नट होता येणार नाही हो. वह्या पडल्यात माझ्या."

ते ऐकून म्हात्रे सरांचेसुद्धा हात जागेवर राहिले.

* * *

आता मुद्दा आला मोबाईलचा. नारपोलीत अस्लमभाईंचं दुकान होतं. पाटी "डाउनलोडिंग सेंटर". लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे, अस्लमभाई त्यात गाणी आणि सीन भरून द्यायचे. चार बाय सहाचं दुकान, पण त्या भागातल्या निम्म्या मोबाईलमध्ये काय वाजतंय ते अस्लमभाईंच्या मर्जीवर.

मी कोर्सातलं ज्ञान पाजळायला लागले. फॉरमॅट, रेझोल्यूशन वगैरे. अस्लमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सीधी बात बोलूं? जो हिलता है, वो जगह खाता है. जो चुप बैठा है, वो फुकट में जाता है."

मग त्यांनी समजावून सांगितलं. व्हिडिओ दाबून छोटा करताना कॉम्प्युटर प्रत्येक चित्र नव्याने ठेवत बसत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं, तेवढंच ठेवतो. भिंत हलत नाही, तर भिंत एकदाच. सीन बदलला की मात्र पुन्हा अख्खं चित्र ठेवायचं. "लोगों के कार्ड में पंधरा-बीस एमबी खाली रहता है बस. उससे बडा हुआ तो कोई नहीं डलवाएगा. उनका गाना डिलीट करना पडेगा ना."

मी कोर्समध्ये तीन महिने बसले होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाईंनी दीड मिनिटात सांगितलं.

परत येताना म्हात्रे सर विचारात पडले होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे आपली तुकडी माझ्यामुळं जाणार," ते म्हणाले.

* * *

मी ही गोष्ट स्टाफ मीटिंगमध्ये सांगितली, ही माझी दुसरी घोडचूक. अस्लमभाईंचं म्हणणं एवढंच होतं की कॅमेरा हलवू नका, उगाच नाचू नका. पण मोठ्या बाईंनी तो नियम केला, आणि आमच्याकडे नियम झाला की तो पाळला जातो.

शूटिंगचा दिवस शुक्रवार ठरला, कारण शाळेमागच्या गाळ्यातले कापड विणायचे लूम शुक्रवारी बंद असतात, एरवी त्या खटखटाटात डायलॉग कोणाला ऐकू येणार? म्हात्रे सरांच्या मेव्हण्याचा हँडीकॅम टेबलावर चार शब्दकोशांच्या थप्पीवर बसवला. सीन बदलायचा नाही म्हणून बाराच्या बारा मिनिटं एका दमात घ्यायची ठरली. पडद्यांना टाचण्या मारल्या. कॅलेंडर उतरवलं, ते फडफडतं. तरे मॅडमना झुमके काढायला लावले.

आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "पंखा बंद करा."

एप्रिलची पंचवीस-सव्वीस तारीख असेल. भिवंडीतल्या पत्र्याच्या छपराखाली ज्याने एप्रिल काढलाय, त्यालाच हे कळेल.

"बाई, पंखा कॅमेऱ्यात दिसतच नाहीये," मी म्हणाले.

"त्याचा वारा दिसतो," बाई म्हणाल्या. विज्ञानाच्या बाईंनी उठून पंखा बंद केला.

म्हात्रे सरांनी दोन्ही हात टेबलाखाली घेऊन बाकाची पट्टी घट्ट धरून ठेवायची, असा ठराव झाला. त्यांचे सगळे विनोद हातांत होते. हात काढून घेतल्यावर ते बातम्या दिल्यासारखे बोलायला लागले. आम्ही बाकीचे ताठ बसून फक्त ओठ हलवत होतो. भोईर सर मागे खिडकीशी आपल्या जागेवर होते. त्यांना उठवायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण ते तसेही हलत नाहीत.

* * *

पहिला टेक माझ्या शिंकेने गेला. दुसऱ्या टेकची गोष्ट ऐका.

पाच-सहा मिनिटं झाली असतील. सगळे निथळत होतो. तरे मॅडमचा डायलॉग संपला होता आणि पुढचा कोणाचा, हे कोणालाच आठवेना. हलायची सोय नाही, कागद बघायची सोय नाही. तेवढ्यात दारात शाळा तपासणारे विस्तार अधिकारी साहेब उभे. अचानक भेट.

त्यांनी काय पाहिलं असेल? सात माणसं, घाम आणि डोळे सारखेच वाहताहेत, पंखा बंद, पडदे ओढलेले, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलेलं, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. साहेबांनी हळूच चपला काढल्या. आत आले, टोकाच्या खुर्चीवर बसले, आणि मान खाली घातली. तशीच दोन मिनिटं गेली.

मग ते शेजारच्या म्हात्रे सरांच्या कानाशी वाकून म्हणाले, "कोण गेलं?"

म्हात्रे सरांनी समोरची नजर ढळू दिली नाही, बाकाची पट्टी सोडली नाही. "अजून कोणी नाही साहेब," ते म्हणाले. "पण पाचवी ब जाईल असं दिसतंय."

* * *

तिसरा टेक मात्र झकास झाला. बारा मिनिटं, एकही चूक नाही. कट म्हटल्याबरोबर सगळ्यांनी आधी पंख्याच्या बटणाकडे धाव घेतली.

दुसऱ्या दिवशी म्हात्रे सर हजेरीपटावर सही करायला गेले आणि तिथेच उभे राहिले. आदल्या दिवसाच्या रकान्यात लाल शाईने तीन लेटमार्क! एपिसोडमध्ये ते उशिरा येतात आणि मोठ्या बाई मस्टर उघडून लाल पेन चालवतात, असा सीन होता. बाईंनी पेन खरं वापरलं होतं, आणि मस्टरही खरं. तीन टेक, तीन लेटमार्क. आणि आमच्याकडे तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा जाते.

म्हात्रे सर ऑफिसात गेले. "बाई, ते नाटक होतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही दारातून उशिरा आत आलात की नाही?"

"आलो. पण तसं लिहिलं होतं म्हणून आलो."

"रोज काय लिहिलेलं असतं?" बाईंनी विचारलं. सरांनी रजेचा अर्ज भरून दिला.

* * *

कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरवला तेव्हा व्हिडिओ भरला दोन हजार सहाशे एमबी. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवायची, असा मोठ्या बाईंचा शिरस्ता. त्यांनी तोही चढवला. "शालेय चित्रफीत, नग एक, २६०० एमबी." मी हसले, पण मनातल्या मनात.

मग तो छोटा करायला लावला. आमचा कॉम्प्युटर वयस्कर, आणि त्या वर्षीचं लोडशेडिंग तर विचारू नका. नव्वद टक्क्यांवर यायचं आणि लाइट जायची. असं तीनदा झाल्यावर म्हात्रे सर वैतागले, कॉम्प्युटरचा डबा मोराच्या कव्हरासकट मांडीवर घेतला आणि रिक्षाने अस्लमभाईंकडे गेले. त्यांच्या गल्लीची लाइट वेगळ्या वेळेला जायची. संध्याकाळी परत आले ते विजयी मुद्रेने. "चौदा एमबी! भाई म्हणाला, इतना शांत स्टाफ जिंदगी में नहीं देखा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाकीचे कुठायत?"

"बाकीचे काय बाई?"

"दोन हजार सहाशे आले होते. चौदा परत आले. उरलेले दोन हजार पाचशे शहाऐंशी कुठे गेले? त्या दुकानात राहिले का?"

मी अर्धा तास समजावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे निकामी होते. मग तसं निर्लेखन करून घ्या." मोडकी बाकं आणि फुटक्या बादल्या रजिस्टरातून कमी करायला जो ठराव लागतो, तो. मी लिहिला, पाच जणांच्या सह्या घेतल्या. "सदर २५८६ एमबी निरुपयोगी झाल्याने, तसेच त्यांस भंगारातही किंमत येण्यासारखी नसल्याने, नष्ट करण्यात येत आहेत."

ऑडिटला आलेल्या माणसाने पुढे तो ठराव दोनदा वाचला. मग बरोबर अशी टिकमार्क केली.

* * *

आणि एपिसोड चालला. कसा चालला! अस्लमभाई गाणी भरून घेणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डात तो वरून टाकायला लागले, भाजीवाल्याने कोथिंबीर टाकावी तसा. लोक एकमेकांना ब्लूटूथने द्यायचे. पंधरा दिवसांत नारपोली, टेमघर, पार गणेशपुरीच्या गाड्यांमध्येसुद्धा लोक मोठ्या बाईंचे डायलॉग म्हणायला लागले. मी रिक्षात बसले की रिक्षावाला आरशातून बघायचा. "आप वो बॉम्बवाली टीचर ना?" माझा प्रयोग बिघडतो, त्यावरून.

ॲडमिशनही यायला लागल्या. पन्नास झाल्या, चोपन्न झाल्या.

एकदा मी आणि म्हात्रे सर बाजारात असताना मासळीवाल्या मावशींनी सरांना ओळखलं. बराच वेळ त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. सरांना वाटलं, आता कौतुक होणार. त्यांनी केस सारखे केले.

"पिच्चरमंदी पायला तुमाला," मावशी म्हणाल्या. "दोनी हात गेलंत का वो?"

सरांनी घाईघाईने दोन्ही हात वर करून दाखवले, तर शेजारणीची टोपली उलटी.

"आता जरा बरा दिसतंय," मावशी शेजारणीला म्हणाल्या, आणि सरांना त्यांनी खरोखर मायेने सांगितलं, "गनेशपुरीच्या गरम कुंडात सात दिस बसा. माझ्या दिराचा हात आला."

बरं, सर पुढच्या रविवारी गेले होते. मला त्यांच्या मिसेसनी सांगितलं. सर म्हणाले, एवढं कोणी सांगतं तर जाऊन बघू.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज नीट राहत नाही.

जूनमधला, पाचवीच्या नावांची यादी वर पाठवायचा दिवस. पाच वाजता मोठ्या बाई सही करणार होत्या. नावं झाली होती साठ. एक कमी. सकाळपासून आमचे सहा जणांचे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन लावून झाले होते. भोईर सर मोठ्या सुट्टीत सायकलवरून घरी जाऊन आले, आणि आल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, टेमघरला दुपारचं कोणी बाई मिळेल का? वडिलांना भरवायला. वेळेची पक्की हवी." मी बघते म्हणाले आणि लॅबमध्ये जाऊन रडले.

चार वाजता एक माणूस आला. शर्टावर, भुवयांवर कापसाची रुई चिकटलेली. सोबत दोन वेण्यांची मुलगी. त्याने फॉर्म मागितला नाही. म्हणाला, "त्या पिच्चरमंदले मास्तर हायेत का हितं?"

म्हात्रे सर पुढे झाले.

"हे न्हाय."

तरे मॅडमनी स्वतःकडे बोट केलं. मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"न्हाय न्हाय. मागं खिरकीशी बसलेले."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने मोबाईल काढला, एपिसोड लावला आणि पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली आम्ही सगळे गेलो. वरच्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा एक चौकोनी ठिपका राहिला, आणि त्या ठिपक्यात एक हात. डावीकडची वही घ्यायचा, उजवीकडे ठेवायचा. हा व्हिडिओ मी शंभर वेळा पाहिला असेल. तो हात मला कधी दिसला नव्हता.

"तुमी समदे गप बसलाव," तो म्हणाला. "हालतंय काय तं येवढा येक हात. मना पयले वाटला, मोबाईल बिघारला. मंग रोज बगाय लागलो." तो गणेशपुरीकडच्या गावचा, नारपोलीत फोल्डिंग खात्यात होता. लूमवरून उतरलेल्या कापडाचे ताके दिवसभर डोळ्यांखालून घालायचे, कुठे दोरा तुटलाय, कुठे डाग पडलाय ते शोधायचं, हे त्याचं काम. "मी बी दिसभर ह्येच करतो," तो म्हणाला. "त्यांना भेटाचा हाय."

कोणीतरी भोईर सरांना वर्गातून बोलावून आणलं. हातात खडू तसाच. तो माणूस सरांसमोर जाऊन उभा राहिला. मुलीचा हात त्याने सोडला नव्हता.

"बारा मिन्टांत तुमी अकरा वह्या तपासल्या," तो म्हणाला. "मी मोजल्यान."

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. म्हात्रे सर त्या माणसाच्या मागून दोन्ही हातांनी खुणा करत होते, हो म्हणा, हो म्हणा. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. घड्याळात सव्वाचार.

भोईर सरांनी चष्मा काढला, जरा आठवलं.

"दहा," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"एक वही दोनदा उघडली होती," सर म्हणाले. "बरोबर उत्तराला मी चूक दिली होती."

त्या माणसाने मुलीकडे पाहिलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चौथीचा दाखला काढला, आणि टेबलावर ठेवला.

"मंग लिवा नाव," तो म्हणाला.